न पाजलेलं दूध

रय्या आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि मी भूगोल. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी-शेजारी आहेत, आणि याच शाळेत शिकताना बाकंही तशीच होती. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क गावात कोणाला असेल तर तो मला आहे. तिला कळलं तर म्हणेल, "बदरिया, तू डोंगर शिकव, वाळवंट शिकव. माणसं तुझ्या अभ्यासक्रमात नाहीत." म्हणू दे.

अकरावीला रक्ताचा धडा येतो. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा सिकलसेल कसा होतो, वाहक म्हणजे कोण, आई-बाप दोघेही वाहक असले तर मुलाचं काय होऊ शकतं, हे सगळं ती फळ्यावर नीट काढून दाखवते. आमच्या डोंगरपायथ्याच्या गावात हा धडा मुलींना पुस्तकातून कळायची गरज नसते. प्रत्येकीच्या घरात कोणीतरी थंडीत सांधे धरून ओरडलेलं असतं. मग धडा संपला की रय्या विचारते, "दोघं चुलत भावंडं. लग्न लहानपणीच ठरलेलं. दोघांच्याही रक्तात दोष. काय करावं?" आणि स्वतः गप्प बसते. मुली भांडतात, ती ऐकते. उत्तर मात्र ती कधीच सांगत नाही.

बाईंना आमच्याकडे अब्ला म्हणतात. दर दोन-चार वर्षांनी एखादी पोर हात वर करून म्हणते, "अब्ला, सोप्पंय! मुलीच्या आईने म्हणायचं, लहानपणी मी या मुलालाही अंगावर पाजलंय. झाले ते भाऊबहीण! लग्न बाद, अब्रू शाबूत." वर्ग खदखदून हसतो. रय्या खडू ठेवते आणि हाताची पांढरी धूळ पुसत बसते. एकदा त्या पोरीने विचारलं, "चुकलं का, अब्ला?"

"हे उत्तर आधी एकीने दिलंय," रय्या म्हणाली.

"मग? तिला किती गुण मिळाले?"

"पैकीच्या पैकी," ती म्हणाली, आणि घंटा व्हायच्या आतच वर्गातून निघून आली. मी तिच्यापुढे कहव्याचा कप सरकवला, तो तिने गार होऊ दिला.

ती एक म्हणजे रय्याच होती. मी तिच्या शेजारी बसले होते आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते.

तेव्हा आम्हाला जीवशास्त्र शिकवायला सुदानच्या अब्ला इख्लास होत्या. उंच, ठसठशीत बाई, आवाज असा की शेजारच्या वर्गानेही धडा ऐकावा. त्यांना घोकून म्हटलेलं आवडायचं नाही. "तोंडं आहेत ना? मग वापरा," म्हणायच्या. हा प्रश्न त्यांनीच पहिल्यांदा टाकला. झमझम नावाची आमची एक मैत्रीण, तिला सगळंच सोपं वाटायचं, ती म्हणाली, "चारात एकालाच आजार, म्हणजे तीन मुलं तर चांगली निघतात! करावं की लग्न."

"आमच्या घरी आम्ही तिघंच होतो," रय्या जागेवरूनच म्हणाली. "तरी एक गेलाच. तो एक कोण, हे आधी सांगून येत नाही."

तिचा धाकटा भाऊ मुंझिर आदल्याच हिवाळ्यात गेला होता. नऊ वर्षांचा होता. दुखणं उठलं की ओरडून ओरडून त्याचा आवाज बसायचा, आणि मग त्याचं नुसतं तोंड हलायचं. ते मी पाहिलंय, आणि मला ते आठवायचं नाही.

मग कोणी म्हणालं, लग्न करावं पण मुलं होऊ देऊ नयेत. लगेच मागून आवाज आला, "आणि सासू काय डोंगर मोजत बसेल?" कोणी म्हणालं, सरळ सगळ्यांना सांगून टाकावं. "सांग की," दुसरी म्हणाली, "मग तुझ्या धाकट्या बहिणींना मागणी कोण घालतं ते बघू. रक्त दोघांचं, पण खोट मुलीच्याच घराला लागते." तिचंही खरं होतं. तेव्हा रय्या उठून उभी राहिली आणि दुधाची युक्ती सांगितली. एका बाईच्या अंगावर प्यालेली मुलं म्हणजे सख्खी भावंडं, त्यांचं लग्न हराम. यात ना मुलीचा दोष, ना मुलाचा, ना दिलेला शब्द मोडल्याचा ठपका. शब्दापेक्षा दूध मोठं. आम्ही टाळ्या पिटल्या. अब्ला इख्लासही हसल्या. म्हणाल्या, "परीक्षेत याला शून्य. पण आयुष्यात पैकीच्या पैकी!"

बाईंनी थट्टेत म्हटलं. सोळा वर्षांच्या पोरीने ते खरं धरलं.

कारण रय्यासाठी तो प्रश्न फळ्यावरचा नव्हताच. तिची थोरली बहीण झुवैना आणि खल्फानकाकांचा हिलाल यांचं पाळण्यातच ठरलं होतं. दोघं एका वयाची, दोघांची घरं एका भिंतीला लागून. मुंझिर गेला तेव्हा दवाखान्याने घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. झुवैना वाहक निघाली, रय्या नाही. आणि हिलालने पोलिसात भरती होताना केलेल्या तपासणीचं अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माझ्या रक्तात म्हणे अर्धा विळा आहे! गवत कापायला बरा." सगळे हसले. खल्फानकाका म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी रक्त बघून लग्नं केली असती तर तुम्ही जन्माला आला नसता. अल्लाच्या मनात असेल ते होईल." ईदनंतर निकाह ठरला. झुवैना ओसरीवर बसून हिलालसाठी टोपी भरत होती. आमच्याकडे पुरुषांच्या टोप्यांवर बायका बारीक भोकांची नक्षी करतात. चांगली टोपी भरायला महिनोन् महिने लागतात, आणि झुवैनाचा हात तर गावात पहिला.

रय्याने आई गाठली. आई म्हणजे नसरा. लवकर विधवा झालेली, पाच वेळच्या नमाजाची, कमी बोलणारी बाई. शेजारणीची मिरची उसनी आणली तरी मोजून परत करणारी. ती पातळ भाकरी टाकत होती, तव्यावर हात फिरवत.

"आई, हिलाल तान्हा असताना काकू तापाने दवाखान्यात होत्या ना? तेव्हा तो तुझ्याकडेच होता."

"होता की. शेळीच्या दुधावर वाढवला."

"झुवैना तेव्हा तुझ्या अंगावर होती."

"मग?"

"मग तू त्यालाही पाजलंस, असं म्हण."

नसराची भाकरी करपली. ती म्हणाली, "खोटं बोलू? दुधाबद्दल?"

"तुला शपथ कोणी घालणार नाही. नुसतं म्हणायचं. नाहीतर उद्या झुवैनाच्या मांडीवर आणखी एक मुंझिर ठेव, आणि तो ओरडला की तूच ये त्याला धरायला."

हे वाक्य रय्याने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. लेकराच्या मरणाचा असा चिमटा करून तिने आईच्या तोंडून खोटं काढलं. नसराने विचारलंही होतं, "आपण झुवैनालाच का विचारत नाही?" त्यावर रय्या म्हणाली, "ती त्याच्यावर जीव टाकते. ती काय विचार करणार?" स्वतःला मोठी विचारी समजणाऱ्या माणसाला दुसऱ्याला विचार असतो हे फार उशिरा सुचतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

नसरा गावात धर्माचा निवाडा देणाऱ्या शेखकडे गेली. म्हणाली, बाळ रडत होतं, मी त्याला पदराखाली घेतलं. एक-दोनदा नाही, पुष्कळदा. इतक्या वर्षांत का बोलली नाहीस, असं शेखनी विचारलं. तेव्हा ती रडायला लागली, आणि ते रडणं खरं असल्यामुळे सगळ्यांना तिचं म्हणणंही खरं वाटलं. शेख म्हणाले, दुधाच्या बाबतीत नुसता संशय आला तरी हात काढून घ्यावा. खल्फानकाका भिंतीकडे बघत बसले. काकू म्हणाल्या, "नसरा, माझं पोर तू जगवलंस, आणि मला आज कळतंय!" आणि तिला मिठी मारली. लग्न मोडलं. कोणाची अब्रू गेली नाही, कोणी कोणाशी भांडलं नाही. रय्याच्या युक्तीत खोट म्हणून निघाली नाही.

एक गोष्ट मात्र तिने वर्गात सांगितली नव्हती, कारण ती तिला सुचलीच नव्हती. लग्न मोडलं की होणारा नवरा घराबाहेर जातो. हा घरात आला. हिलाल आता नसराचा मुलगा झाला होता. हाक न मारता सरळ आत यायचा, स्वयंपाकघरात बसून जेवायचा, नसराच्या कपाळाचा मुका घ्यायचा. "आई, आज सुका मासा नाही का?" असं हक्काने विचारायचा. मुंझिरची जागा भरायला अल्लाने पाठवलेला मुलगा, असं गाव म्हणायचं. पुढे त्याने मनह गावची मुलगी केली. तिचं रक्त तपासून केली, हे विशेष. त्याची मुलं नसराला आजी म्हणायची.

झुवैना त्याच्यासमोर उघड्या डोक्याने वावरायची. डोकं झाकायचं ते परपुरुषासमोर, भावासमोर कोण झाकतं? पण नसरा आणि रय्या झाकायच्या. हिलालची पावलं वाजली की दोघींचे हात आधी ओढणीकडे जायचे. नसरा म्हणायची, "कान दुखतोय," रय्या म्हणायची, "केस तेलकट आहेत." ऐन उन्हाळ्यात, पंखासुद्धा घामेजतो अशा दुपारी, या मायलेकी घट्ट गुंडाळून बसलेल्या. मी एकदा चिडवलं, "भावासमोरही लाजतेस का गं? तुझा नवरा तर तुझे कान आहेत की नाहीत ते बघायलाच लग्न करेल." रय्या हसली नाही. मला वाटलं, शिकून कडक झाली. लोक नसरालाही कडक म्हणत. ती सोमवार-गुरुवार रोजे धरायची, म्हातारपणी डॉक्टरांनी नको म्हटलं तरी धरायची.

आणि झुवैनाने लग्न केलं नाही. मागण्या आल्या, चांगल्या आल्या. प्रत्येक वेळी ती नाही म्हणाली. मी एकदा तिला फार टोचलं. तिने सुईतून मान वर न करता सांगितलं, "बदरिया, मला माझ्या मनाचा भरवसा नाही. ज्याच्यावर ते बसलं तो भाऊ निघाला. आता पुढचा कोण निघेल?" मला हसू आलं, कारण ती हसत बोलली होती. घरी जाताना मात्र हसू टिकलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात नसरा अंथरुणाला खिळली. मूत्रपिंडं गेली होती. शेवटच्या आठवड्यात तिने दोघी मुलींना जवळ घेऊन सांगितलं, "मला कबरीत हिलालने उतरवायचं नाही. माझा भाऊ सुलेमान उतरवेल, त्याचा मुलगा उतरवेल. हिलालने हात लावायचा नाही."

बाईला कबरीत उतरवतात ते रक्ताच्या किंवा दुधाच्या जवळच्या नात्यातले पुरुषच. झुवैना दुखावली. "आई, असं काय बोलतेस? तुझं दूध प्यालाय तो. तुला उतरवायचा पहिला मान त्याचाच."

नसराने रय्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाली, "तू सांग तिला. मला नाही झेपत."

रय्याने त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई असेपर्यंत वेळ आहे, असं म्हणत राहिली. आणि आई पहाटेच्या नमाजाआधी गेली.

मी पोहोचले तेव्हा अंघोळ घालून कफन झालं होतं. अंगणात पुरुष जमले होते. आम्ही तिघी खजुराच्या कोठीत होतो. लोकांसमोर ठेवायला मी ताटात खजूर भरत होते, झुवैना कहव्याचे कप काढत होती. बाहेरून हिलालचा आवाज आला. रडून घोगरा झालेला. "मामा, तुम्ही गुडघ्यांनी थकलात. खाली मी उतरतो. मीच उतरणार."

"उतरू दे," झुवैना म्हणाली. "आजारपणात काहीतरी बोलून गेली ती. दुसरं कोण आहे तिला?"

रय्या कोठीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "नको. तो तिचा कोणी नाही."

"काय म्हणालीस?"

"आईने त्याला कधीच पाजलं नाही. मी तिला तसं म्हणायला लावलं. तुमचं लग्न होऊ नये म्हणून. तुमचं रक्त..." माझ्या हातातलं ताट कलंडलं आणि खजूर जमिनीवर गेले. ते गोळा करायला मी खाली बसले, कारण त्या दोघींकडे बघायची माझी हिंमत नव्हती. त्या गुंडाळलेल्या ओढण्या, ते दुखणारे कान, सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं.

झुवैना ओरडेल असं मला वाटलं. ती फार हळू बोलली.

"आम्ही ठरवलं होतं गं."

"काय?"

"लग्न करायचं नाही, असं. हिलालने आणि मी. तिकडे पाटाच्या काठावर. तो म्हणाला, मुंझिरला खांद्यावर टाकून मी दवाखान्यात पळत होतो, स्वतःच्या पोराला घेऊन मला तसं पळायचं नाही. मी म्हटलं, मलाही नाही. फार रडलो दोघं. ईद झाली की तो स्वतः काकांना सांगणार होता."

मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दोन दिवसांनी आई म्हणाली, तो तुझा भाऊ. त्या काठावर मी त्याचा हात धरला होता, बदरिया. निरोप घेताना त्याला काय काय बोलले होते. भावाला! ते मी कोणाला सांगू?" तिने कप खाली ठेवले. "तेव्हापासून रोज नमाजानंतर मी अल्लाची माफी मागते. एक दिवस चुकवला नाही."

"झुवैना, मला..." रय्या म्हणाली.

"त्याला सोडल्याचं दुःख मला झेपलं असतं. ते माझं होतं, मी स्वतः घेतलं होतं. तू मला त्या दुःखाऐवजी लाज दिलीस." मग ती रय्याकडे प्रश्न विचारावा तशी बघत म्हणाली, "मला एकदा विचारलं असतंस तर?"

रय्या खाली बसून माझ्याबरोबर खजूर वेचायला लागली.

बाहेर जनाजा उचलायची वेळ झाली होती. हिलाल नेहमीसारखा हाक न मारता आत आला आणि कोठीच्या दाराशी थांबला. डोळे सुजलेले, डोक्यावर झुवैनानेच भरलेली टोपी. दर ईदला ती भावाला एक भरून द्यायची. "झुवैना, चल. आईला शेवटचं बघून घे," तो म्हणाला.

झुवैनाने खांद्यावरची ओढणी उचलली. डोक्यावरून घेतली, कपाळापर्यंत ओढली, हनुवटीखाली घट्ट धरली. मग दाराच्या आड झाली आणि आतून म्हणाली, "मामा उतरतील खाली. तुम्ही वर थांबा."

तिच्या तोंडून "तुम्ही" मी पहिल्यांदाच ऐकलं. हिलाल तसाच उभा राहिला. आधी तिच्याकडे बघत होता, मग रय्याकडे, मग जमिनीवरच्या खजुरांकडे. कबरीत सुलेमानमामा आणि त्याचा मुलगा उतरले. मामाचे गुडघे थरथरत होते, तरी उतरले. हिलाल वर उभा राहून माती लोटत होता, असं नंतर माझ्या नवऱ्याने सांगितलं.

लोक म्हणाले, दुःखात माणसं विचित्र वागतात. आम्ही तसं म्हणू दिलं. नसराचं नाव आता मातीत आहे, ते उकरून कोणाचं भलं होणार? हिलालला किती समजलं हे मला माहीत नाही. रय्याने त्याला सांगितलेलं नाही आणि झुवैनाने तिला सांगू दिलेलं नाही. "या वेळी मी ठरवणार," ती म्हणाली. दोघी बहिणी एकाच घरात राहतात, एकाच ताटात जेवतात, मीठ-साखरेपुरतं बोलतात. रय्या अजून रोज शाळेत येते. यंदा रक्ताचा धडा तिने शिकवला आणि प्रश्न टाकलाच नाही. मुलींनी आठवण करून दिली, तरी नाही.

हिलाल अजूनही येतो. शुक्रवारी मासे आणतो, म्हातारीच्या गोठ्यातल्या शेळ्यांना चारा टाकतो. पण आता तो अंगणाच्या दारातूनच हाक मारतो, आणि आत झुवैनाने डोकं झाकेपर्यंत बाहेर उन्हात उभा राहतो.